मृत जन्माची नोंद कशी करायची: इंदूरच्या एका मामाने लिहिलेलं

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही, वकील नाही, रामबागेत राहणारा बँकेतला साधा माणूस आहे. माझी धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणाला पुण्याहून माहेरी इंदूरला आली होती, छत्तिसावा आठवडा सुरू होता, आणि एका सकाळी ती आईला म्हणाली की रात्रीपासून बाळ हललंच नाही बहुतेक. सोनोग्राफी करताना डॉक्टरीणबाईंनी स्क्रीन हळूच आपल्याकडे वळवली तेव्हाच कळून चुकलं. भाऊजी पुण्याहून निघालेले पण अजून धुळ्यापर्यंतच पोचले होते, बाबांना काही सुचत नव्हतं, आई बहिणीजवळ बसलेली, मग फाइल माझ्या हातात आली. अशा वेळी प्रत्येक घरात एक माणूस असा असतो, कुठे मामा, कुठे दीर, कुठे चुलतभाऊ, ज्याला कोणी विचारत नाही की तुला जमेल का, फाइल फक्त हातात दिली जाते. त्याच्यासाठी हे लिहितोय, कारण मला तेव्हा सांगणारं कोणी नव्हतं आणि दोन गोष्टी माझ्याकडून थोडक्यात राहिल्या असत्या.

सुरुवात शब्दांपासून करा, कारण एकाच गोष्टीला चार जण चार नावं सांगतात आणि आपण गोंधळतो. डॉक्टर फाइलवर 'आईयूएफडी' लिहितात, म्हणजे पोटातच बाळ गेलं. घाईत काही जण नुसतं 'आईयूडी' म्हणतात आणि आपल्याला वाटतं हे कॉपर टी बद्दल काय बोलून राहिले. मध्य प्रदेशच्या सरकारी फॉर्मवर 'मृत जन्म' असतं, महाराष्ट्रात त्यालाच 'उपजत मृत्यू' म्हणतात, आणि बाकी सगळे स्टिलबर्थ. गर्भपात हा शब्द कोणी वापरला तर तिथेच थांबवा, बोलण्यात वापरला तर जाऊ द्या पण कागदावर नाही. आपल्याकडे जन्ममृत्यू नोंदणीत २८ आठवडे पूर्ण झाल्यानंतर बाळ पोटात किंवा जन्मताना गेलं तर तो मृत जन्म, त्याची नोंद कायद्याने करावीच लागते. ही रेघ सगळीकडे सारखी नाही, अमेरिकेत २० आठवड्यांपासून मोजतात, इंग्लंडमधे २४ पासून, आणि देशादेशांची तुलना करायची असेल तेव्हा जागतिक आरोग्य संघटना २८ धरते. त्यामुळे नेटवर वाचताना कुठला आकडा कुठला हे बघत जा.

अजून एक फरक आहे आणि तो लहान वाटला तरी फार मोठा आहे. बाळाने बाहेर आल्यावर एक जरी श्वास घेतला, हृदय चाललं, नाळेत धडधड लागली, हातपाय हलले, तर तो मृत जन्म नाहीच. तो जिवंत जन्म आणि नंतर मृत्यू, त्याचे दोन वेगळे फॉर्म भरायचे, जन्माचा एक आणि मृत्यूचा एक. गडबडीत 'काय फरक पडतो' म्हणून कोणी एकाच्या जागी दुसरं लिहून टाकतं. लेबर रूममधे जी सिस्टर होती तिला तिथल्या तिथे विचारा की ह्यातलं काही दिसलं का.

डिलिव्हरीच्या आधी जे विचारायचं ते

हे मला माहीत नव्हतं की बाळ गेल्याचं कळल्यावरही बहुतेक वेळा नॉर्मल डिलिव्हरीच करवतात, औषध देऊन कळा आणतात, आणि त्यात कधी एक दिवस तर कधी दोन दिवस जातात. नातेवाईक चिडतात की लगेच सिझर का नाही करत, आमच्याकडेही झालं ते, पण आईच्या शरीरासाठी आणि पुढच्या बाळंतपणासाठी टाके न घालणं बरं असतं, डॉक्टरांशी भांडू नका. तो वेळ विचारायला वापरा.

पहिलं, वार तपासायला पाठवणार का हे विचारा. वार म्हणजे प्लासेंटा. डिलिव्हरी झाली की वार पिवळ्या पिशवीत जाते, पिवळी पिशवी बायोमेडिकल कचऱ्याच्या गाडीत, आणि मग जगातला कुठलाही डॉक्टर ती परत आणू शकत नाही. म्हणून आधी सांगायचं, लेबर रूममधल्या सिस्टरलाही सांगायचं, ड्यूटी बदलली की नवीन सिस्टरला परत सांगायचं. मी तीनदा सांगितलं, तिसऱ्या सिस्टर म्हणाल्या 'हां भिया, डब्बा रखा है, आप चिंता मत करो'. फॉर्मलिन घातलेला रुंद तोंडाचा प्लास्टिकचा डबा, त्यावर बहिणीचं नाव डॉक्टरच्या चिकटपट्टीवर पेनाने लिहिलेलं, तो मी स्वतः मांडीवर धरून लॅबमधे नेला. रिक्षावाल्याने विचारलं टिफिन आहे का. मी हो म्हटलं.

दुसरं, बहिणीचा ब्लडग्रुप निगेटिव्ह आहे का बघा. निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शन ७२ तासांच्या आत लागतं, आणि बाळ गेलेलं असलं तरी लागतं. लोकांना वाटतं आता बाळच नाही तर इंजेक्शन कशाला. ते पुढच्या बाळासाठी असतं. बाकी शुगर, थायरॉइड, सिफिलिसची टेस्ट, रक्ताच्या गुठळ्यांशी संबंधित अँटिबॉडीच्या टेस्ट, ह्यातल्या कुठल्या लागतील ते डॉक्टर ठरवतील, तुम्ही फक्त विचारा की कारण शोधायला आपण काय काय करणार आहोत. पोस्टमॉर्टेमचंही विचारतात कधीकधी, ते नको म्हणायचा अधिकार आहेच, पण वार तपासायला नको म्हणायचं काही कारण मला तरी दिसत नाही.

तिसरं, बाळ बघायचं का. आमच्या मावशीचं ठाम मत होतं की आईला दाखवू नका, मन बसतं. बहिणीने बघायचं म्हटलं. मग सिस्टरने दुपट्यात गुंडाळून आणलं आणि ती पाऊण तास मांडीवर घेऊन बसली. तिची इच्छा तिलाच विचारा, मावशीला नाही. माझ्या बॅगेत बँकेचा स्टॅम्प पॅड होता, जांभळ्या शाईचा, मला काय सुचलं माहीत नाही, मी सिस्टरला विचारलं आणि बाळाच्या पावलांचे ठसे एका कोऱ्या व्हाउचरच्या मागे घेतले. पाऊल माझ्या मधल्या बोटाएवढं. शाई नीट पुसली गेली नाही, टाचेला जांभळा डाग राहिला आणि तसंच बाळ गेलं. फोटो काढायचा असेल तर तेव्हाच काढा, नंतर दहा वर्षं बघायचा नसेल तर बघू नका, पण असू द्या.

डिस्चार्जच्या कागदावर काय बघायचं

डिस्चार्ज घेताना सगळे घाईत असतात, बिल, औषधं, गाडी. पाच मिनिटं उभं राहून कागद वाचा. त्यावर किती आठवडे, बाळाचं वजन, मुलगा की मुलगी, तारीख आणि वेळ, आणि शक्य असेल तर कारण हे सगळं पाहिजे. आणखी एक शब्द शोधा, इंग्रजीत लिहिलेला असतो, 'फ्रेश' किंवा 'मॅसरेटेड'. ऐकायला वाईट आहे पण समजून घ्या. फ्रेश म्हणजे बाळ कळा सुरू असताना किंवा त्याच्या थोडंच आधी गेलं, त्वचा जशीच्या तशी असते. मॅसरेटेड म्हणजे बाळ पोटातच गेल्याला बरेच तास किंवा दिवस झाले, त्वचा सुटायला लागलेली असते. हा एक शब्द पुढच्या चौकशीची दिशा ठरवतो. फ्रेश असेल तर प्रश्न लेबर रूमला विचारायचा, ठोके किती वेळाने ऐकत होते, सिझरला उशीर झाला का. मॅसरेटेड असेल तर प्रश्न आधीच्या नऊ महिन्यांना, बीपी, शुगर, वाढ कमी होती का, कोणाच्या लक्षात का नाही आलं. जगभरात साधारण चाळीस टक्क्यांहून जास्त मृत जन्म कळांच्या वेळी होतात, म्हणजे कळा सुरू झाल्या तेव्हा बाळ जिवंत असतं. सरकारी आरोग्य खात्याच्या मासिक रिपोर्टमधे, ज्याला एचएमआयएस म्हणतात, हे दोन प्रकार वेगवेगळे मोजतात ते ह्याचसाठी.

फॉर्म नंबर ३

आता मुख्य काम. जन्ममृत्यू नोंदणी कायदा १९६९ चा आहे, २०२३ मधे बदलला आणि बदल १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाले. त्यात 'जन्म' ह्या शब्दाच्या व्याख्येतच मृत जन्म येतो, कोणी तुमच्यावर उपकार करत नाहीये. जन्माचा फॉर्म १, मृत्यूचा फॉर्म २, आणि मृत जन्माचा फॉर्म ३. फक्त हा एकच भरायचा. हॉस्पिटलमधे झालं असेल तर कळवायची जबाबदारी हॉस्पिटलची, घरी झालं असेल तर घरातल्या कर्त्या माणसाची. मुदत २१ दिवस, तोपर्यंत काही फी नाही. २१ ते ३० दिवसात लेट फी, ३० दिवस ते एक वर्ष असेल तर लेखी परवानगी आणि फी, आणि वर्ष उलटलं तर मॅजिस्ट्रेटची ऑर्डर लागते. म्हणून तेराव्या दिवसाच्या आत उरकून टाका.

आमच्या इथे काय झालं ते सांगतो. नर्सिंग होम प्रायव्हेट, काउंटरवरच्या माणसाला मी विचारलं की फॉर्म ३ पाठवला का, तो म्हणाला कुठला फॉर्म. मग म्हणाला, 'भिया, इसकी एंट्री कौन कराता है, सर्टिफिकेट थोड़ी बनेगा.' माणूस वाईट नव्हता, त्याला खरंच कोणी आजवर विचारलं नव्हतं. दोन दिवस गेलो, तिसऱ्या दिवशी एका कागदावर साधा अर्ज लिहिला, की अमुक तारखेला तुमच्याकडे मृत जन्म झाला आहे, फॉर्म ३ रजिस्ट्रारकडे पाठवून त्याचा नंबर द्यावा, आणि त्याच्या झेरॉक्सवर आवक शिक्का मागितला. शिक्का मागितला की कामं होतात, बँकेत तीस वर्षं हेच बघतोय. संध्याकाळी फोन आला की भरून टाकला. तरीही अडलं असतं तर नगर निगमच्या झोन ऑफिसात जन्ममृत्यू शाखेत जायचं, आणि तिथेही नाही झालं तर १८१ सीएम हेल्पलाइन आहे, पण तितकी वेळ आली नाही.

पुण्याहून सासूबाईंचा प्रश्न होता की नोंद पुण्यात नको का, मुलगी आमच्या घरची. नाही. जिथे जन्म झाला तिथेच नोंद होते, इंदूरला झालं तर इंदूरला. पण फॉर्मच्या खालच्या भागात आई राहते कुठे हे वेगळं विचारलेलं असतं, तिथे पुणे लिहायचं. माहेरी बाळंतपण करायची आपली पद्धत असल्यामुळे ही चूक फार होते, लोक तिथेही माहेरचाच पत्ता टाकतात आणि मग आकडा चुकीच्या गावाच्या नावावर जातो.

त्याच खालच्या भागात आईचं वय, शिक्षण, डिलिव्हरी कोणी केली, किती आठवडे, आणि मृत्यूचं कारण असे रकाने आहेत. लोक वरचा भाग नीट भरतात आणि खालचा रिकामा सोडतात कारण वाटतं तो सरकारी हिशोब आहे. अहो पण सगळी गोष्ट त्या खालच्या भागातच आहे. कारण माहीत नसेल तर नाही लिहिता येणार, पण आठवडे तर माहीत आहेत ना. मी तो फॉर्म भरताना शेजारी बसलो होतो. तारीख, लिंग, वडिलांचं नाव, आईचं नाव, ठिकाण. बाळाच्या नावाचा रकाना नाही. बहिणीने नाव ठरवलं होतं, पाचव्या महिन्यातच, मी फॉर्म उलटून बघितला की मागे कुठे जागा आहे का.

नोंद झाली की नोंदणी क्रमांक आणि तारीख लिहून आणा, फाइलमधे पहिल्या पानाला लावा.

हे सगळं कशाला, तर

मला भाऊजींनी विचारलं होतं, दादा, कशाला त्रास घेता, ह्यातून काय मिळणार. खरं आहे, आपल्याला काही मिळत नाही. पण मग मी रात्री बसून आकडे शोधत होतो, झोप येत नव्हतीच. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणे २०१९ मधे भारतात सुमारे ३ लाख ४० हजार मृत जन्म झाले, संख्येने जगात सगळ्यात जास्त, आणि दर हजारी १३.९. आणि आपल्या सरकारचाच सॅम्पल सर्व्हे, एसआरएस, त्याच्या २०२० च्या रिपोर्टमधे देशाचा दर हजारी ३. तीन आणि चौदा. मी बँकेत एवढा फरक टॅली न करता संध्याकाळी घरी गेलो असतो तर नोकरी गेली असती. घरोघर जाऊन विचारलं की कोणी सांगत नाही, सासू म्हणते काही नाही झालं, रजिस्टरमधे एंट्री नाही, हॉस्पिटलने कळवलं नाही, आणि तो चौदाचा आकडाही मोजलेला नाही, गणिताने काढलेला अंदाज आहे. २०१४ मधे इंडिया न्यूबॉर्न अॅक्शन प्लॅन आला, त्यात लिहिलंय की २०३० पर्यंत मृत जन्माचा दर एक आकडी करायचा. आता बघा, एका हिशोबाने तो आधीच एक आकडी आहे आणि दुसऱ्या हिशोबाने अजून बराच लांब. २०१६ मधे आरोग्य मंत्रालयाने निवडक हॉस्पिटलांमधून स्टिलबर्थवर नीट पाळत ठेवायच्या, कारणासकट नोंदवायच्या गाइडलाइन काढल्या. कागद चांगले आहेत. खालून भरणारा माणूस पाहिजे.

बाहेर तरी कुठे आपोआप झालंय. ऑस्ट्रेलियात २०१८ मधे संसदेच्या समितीने आईबापांचं ऐकून घेतलं, २०२० मधे राष्ट्रीय प्लॅन आला की पाच वर्षात वीस टक्के कमी करायचे. अमेरिकेत वर्षाला साधारण २१ हजार मृत जन्म होतात आणि तिथे जुलै २०२४ मधे जाऊन कायदा झाला की आई-बाळाच्या आरोग्याचा सरकारी पैसा स्टिलबर्थ टाळायलाही वापरता येईल. म्हणजे तोवर हे स्पष्ट लिहिलेलंच नव्हतं, इतका श्रीमंत देश असून.

नोकरी करत असेल तर सुट्टी

बहिणीच्या कंपनीतल्या एचआरने मेल केला, सॉरी फॉर युअर लॉस, सहा आठवडे सुट्टी. सहा आठवडे गर्भपाताला असतात. तेव्हा मातृत्व लाभ कायदा १९६१ चा लागू होता (नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली), त्यात 'मूल' ह्या शब्दाच्या व्याख्येत मृत जन्मलेलं मूलही येतं असं सरळ लिहिलेलं होतं, म्हणून पहिल्या बाळंतपणाची पूर्ण २६ आठवड्यांची सुट्टी लागू होत होती. ते कलम आणि डिस्चार्जचा कागद, ज्यावर ३६ आठवडे लिहिलेले, दोन्ही जोडून भाऊजींनी मेल केला आणि चार दिवसात उत्तर आलं. आता कळलं ना आठवडे नीट लिहून का घ्यायचे. पीथमपूरला किंवा सांवेर रोडला फॅक्टरीत असेल आणि ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, कापलं जात असेल तर तिथे गरोदरपणाचे २६ आठवडे झाल्यानंतरची डिलिव्हरी बाळंतपणच धरतात, बाळ जिवंत असो नसो. केंद्र सरकारच्या कर्मचारी महिलांना सप्टेंबर २०२२ च्या ऑर्डरने ६० दिवसांची खास सुट्टी आहे.

घरी आल्यावर

तिसऱ्या दिवशी पान्हा फुटतो. हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, आईच्याही लक्षात नाही आलं, आणि बहीण बाथरूममधे जाऊन बसली. डिस्चार्जच्या वेळीच डॉक्टरांना विचारून ठेवा, दूध थांबवायला औषध असतं. फार दिवस झोप नसेल, जेवत नसेल, तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे. आणि भेटायला येणाऱ्यांना दारातच सांगायचं काम फाइलवाल्याचं. पपई खाल्ली का, ग्रहणात बाहेर गेली होती का, असले प्रश्न विचारायचे असतील तर चहा घ्या आणि निघा. मी दोन जणींना असं बोललो, त्यातली एक अजून बोलत नाही माझ्याशी, चालतंय.

आणि मग जे सगळ्यांना सांगायचं

वारेचा रिपोर्ट दोन आठवड्यांनी आला, तो घेऊन डॉक्टरांकडे वेगळी अपॉइंटमेंट घ्या, ओपीडीच्या गर्दीत नाही. आमच्या केसमधे वारेचे भाग जागोजागी सुकलेले निघाले, बाळाला पुरवठा कमी पडत होता. कित्येक वेळा सगळं तपासूनही कारण मिळत नाही, तेही रिपोर्ट म्हणून जपून ठेवा.

मला खंत ही आहे की बाळ शेवटी शेवटी कमी हलतं, जागा नसते ना, हे वाक्य आमच्या घरात आईपासून शेजारणीपर्यंत सगळ्यांनी बहिणीला ऐकवलं होतं, प्रेमानेच. ते चूक आहे. हलण्याची पद्धत बदलते, कमी होत नाही. २८ आठवड्यांनंतर रोज एक ठराविक वेळ धरून, जेवणानंतर बरं, कुशीवर पडून मोजायचं, दोन तासात दहा हालचाली नाही भरल्या किंवा रोजच्यापेक्षा वेगळं वाटलं तर साखरपाणी पिऊन सकाळपर्यंत वाट बघायची नाही, रात्री दोन वाजले असले तरी जायचं. पाठीवर झोपायचं नाही, शेवटच्या तीन महिन्यांत डाव्या उजव्या कुठल्याही कुशीवर. सातव्या महिन्यात ओटी भरतो, डोहाळजेवण करतो, पन्नास बायका जमतात, तेव्हाच हे एकदा मोठ्याने सांगा ना, उखाण्यांच्या मधे. मी परवा आमच्या चुलतभावाच्या बायकोच्या डोहाळजेवणात सांगितलं, पुरुषमाणूस काय हे बोलतो म्हणून सगळ्या गप्प झाल्या, नंतर तिघींनी कोपऱ्यात येऊन विचारलं.

पुढच्या वेळी दिवस राहिले की पहिल्याच व्हिजिटला जुनी फाइल न्या, नोंदीच्या नंबरासकट. आधीचा मृत जन्म असेल तर ती केस हाय रिस्क धरतात. सरकारी दवाखान्यात महिन्याच्या ९ तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते, तिथे अशा कार्डावर लाल स्टिकर लावतात. बहिणीला ह्या जानेवारीत परत दिवस गेले, ह्या वेळी सुरुवातीपासून इंदूरलाच आहे. लाल स्टिकर बघून ती चिडली, म्हणाली मी काय धोक्याची पाटी आहे का. आईने तिच्यासाठी कार्डाला छान फुलाफुलांचं कव्हर शिवलं, स्टिकर झाकला गेला. मी ते कव्हर काढायला लावलं. लाइनमधे बसलेल्या सिस्टरला तो लांबून दिसला पाहिजे.